नव्या पदार्थाची वाट पाहत थांबलेल्यांना

सौरघटाच्या कार्यक्षमतेचा नवा उच्चांक जाहीर झाला की त्यामागोमाग एक सल्ला ठरलेला असतो. सिलिकॉन आता जुने झाले, त्याची पॅनेल उन्हातली जेमतेम वीस-बावीस टक्के ऊर्जा विजेत आणतात आणि बाकीची वाया घालवतात. पेरोव्हस्काइट नावाचा नवा पदार्थ दारात उभा आहे, तो आला की कमी जागेत, कमी खर्चात भरपूर वीज मिळेल, तोवर घाई कशाला? गृहनिर्माण संस्थेच्या सभेत छतावरच्या पॅनेलचा विषय पुढे ढकलताना हा सल्ला ऐकू येतो, ऊर्जाविषयक परिसंवादांत ऐकू येतो, आणि धोरणावर लिहिणाऱ्या जाणत्या मंडळींच्या लेखांतही सौम्य भाषेत भेटतो. तो देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. विज्ञानाबद्दलचा त्यांचा उत्साह खरा असतो आणि पेरोव्हस्काइटविषयी ते जे सांगतात त्यातले बरेचसे बरोबरही असते. तरीही हा सल्ला चुकीचा आहे आणि त्याची किंमत आपण रोज मोजतो आहोत, असे माझे म्हणणे आहे. सौरऊर्जेची मुख्य अडचण आता पदार्थाची राहिलेली नाही. ती तारांची, साठवणुकीची, जमिनीवरच्या हक्कांची आणि कारखानदारीची आहे. नवा पदार्थ उद्या सकाळी बाजारात आला तरी या अडचणी जागच्या हलणार नाहीत.

वाट पाहण्याची ही शिफारस पहिल्यांदाच होते आहे असे नाही. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डॅरिल चॅपिन, कॅल्व्हिन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन यांनी सिलिकॉनचा पहिला खऱ्या अर्थाने उपयोगी सौरघट दाखवला. त्याची कार्यक्षमता सहा टक्के होती. त्यानंतर सिलिकॉनची जागा घेणारा पदार्थ आता आलाच, असे अनेकदा सांगितले गेले, आणि सर्वांत जोरात सांगितले गेले ते २००५ ते २०१० या काळात. जर्मनीने सौरविजेला हमीभाव दिल्याने मागणी एकदम वाढली होती, शुद्ध पॉलिसिलिकॉन कमी पडत होते, आणि २००८ मध्ये त्याचा भाव किलोला चारशे डॉलरच्या वर गेला. सिलिकॉन महागच राहणार असे गृहीत धरून पातळ थरांच्या घटांवर पैसा ओतला गेला. कॅलिफोर्नियातल्या सोलिंड्रा कंपनीने तांबे, इंडियम, गॅलियम आणि सेलेनियम यांच्या थरांची नळीच्या आकाराची पॅनेल बनवायला घेतली. अमेरिकी सरकारने तिच्या ५३.५ कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली. अप्लाइड मटेरियल्स या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीने अस्फटिकी सिलिकॉनच्या आख्ख्या उत्पादनरेषा विकायला काढल्या, आणि आपल्याकडच्या मोझर बेअरने त्यांतली एक ग्रेटर नोएडात उभारली. पुढे पॉलिसिलिकॉनचे नवे कारखाने सुरू झाले आणि २०११ अखेर भाव तीस डॉलरच्या आसपास कोसळला. अप्लाइड मटेरियल्सने २०१० मध्येच हा धंदा गुंडाळला, सोलिंड्राने सप्टेंबर २०११ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, आणि मोझर बेअरही काही वर्षांनी बुडाली. पातळ थरांपैकी कॅडमियम टेल्युराइड तेवढे मोठ्या प्रमाणावर टिकले, तेही मुख्यतः फर्स्ट सोलर या एका कंपनीच्या चिकाटीमुळे. तिचा कारखाना आज तमिळनाडूतही आहे. या कंपन्यांचे शास्त्र खोटे नव्हते. त्यांचा अंदाज चुकला तो जुन्या पदार्थाविषयी. सिलिकॉन होते तिथेच थांबून राहील, असे त्यांनी धरले होते.

ते थांबले नाही, आणि म्हणूनच ‘जुना पदार्थ’ हे वर्णन दिशाभूल करते. आजच्या पॅनेलमधले सिलिकॉन वीस वर्षांपूर्वीच्या पॅनेलमधले राहिलेले नाही. तेव्हा एक वॅट क्षमतेसाठी सुमारे सोळा ग्रॅम सिलिकॉन लागे. आज दोन ग्रॅमच्या आसपास पुरते. पूर्वी सिलिकॉनचा ठोकळा कापताना त्यातला बराचसा माल चुऱ्यात जाई. आता हिऱ्याची पूड जडवलेल्या, केसाहून बारीक तारेने तो कापतात, आणि तीनशे मायक्रॉन जाडीची चकती दीडशेच्या खाली आली आहे. या चकतीत पूर्वी बोरॉन मिसळत. बोरॉन आणि ऑक्सिजन यांची जोडी ऊन लागताच पहिल्या काही तासांत घटाची थोडी क्षमता खाऊन टाकते, हे लक्षात आल्यावर कारखान्यांनी बोरॉनच्या जागी गॅलियम आणले, आणि पुढे फॉस्फरस मिसळलेल्या चकत्यांकडे मोर्चा वळवला. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात घटाच्या पाठीला संरक्षक थर देण्याची रचना विकसित केली. ‘पर्क’ या नावाने ती जगभरच्या कारखान्यांत रुळायला तीस वर्षे लागली, आणि ती रुळते न रुळते तोच ‘टॉपकॉन’ने तिला मागे टाकले. टॉपकॉनमध्ये धातूचा सांधा सिलिकॉनला थेट भिडत नाही. मध्ये दीड-दोन नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पडदा आणि त्यावर सिलिकॉनचाच आणखी एक थर असतो. इलेक्ट्रॉन हा पडदा पार करून जातात, पण सांध्यापाशी होणारा त्यांचा नाश पुष्कळ टळतो. या सगळ्यामुळे बाजारातली चांगली पॅनेल बावीस-तेवीस टक्क्यांवर आली आहेत आणि प्रयोगशाळेतला सिलिकॉनचा घट सत्तावीस टक्क्यांच्या पुढे गेला आहे. एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादा २९.४ टक्के मानली जाते. म्हणजे पदार्थविज्ञानाची प्रगती भरपूर झाली, पण ती जुन्या पदार्थाच्या पोटात झाली. तिच्या ठळक बातम्या झाल्या नाहीत, एवढेच.

तिचा परिणाम मात्र लिलावांत उतरला. भारताचे राष्ट्रीय सौर अभियान जानेवारी २०१० मध्ये सुरू झाले. त्या वर्षीच्या पहिल्या लिलावात सर्वांत कमी बोली युनिटला १० रुपये ९५ पैशांची होती. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भादला सौर उद्यानासाठी २ रुपये ४४ पैशांची बोली लागली आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातेत १ रुपया ९९ पैशांची. २००४ साली साऱ्या जगाला एक गिगावॅट क्षमता बसवायला वर्ष लागले होते. २०२४ मध्ये रोज एक गिगावॅटहून अधिक बसत होती. पहिले हजार गिगावॅट गाठायला २०२२ साल उजाडले, आणि पुढचे हजार अडीच-तीन वर्षांच्या आत बसले. २०२४ मध्ये जगाच्या एकूण विजेत सौरविजेचा वाटा सात टक्क्यांच्या जवळ पोचला. भारताने जानेवारी २०२५ मध्ये शंभर गिगावॅट ओलांडले. सर्वांत बोलके उदाहरण पाकिस्तानचे. तिथे कोणत्याही मोठ्या सरकारी मोहिमेशिवाय, निव्वळ महागलेल्या विजेला कंटाळून घरमालकांनी, कारखानदारांनी आणि ट्यूबवेलवाल्या शेतकऱ्यांनी २०२४ या एका वर्षात सुमारे सतरा गिगावॅटची पॅनेल आयात केली. त्या देशातल्या सगळ्या वीजकेंद्रांच्या एकत्रित क्षमतेच्या एक तृतीयांशाहून हा आकडा मोठा आहे. ज्यांना आपण अपुरी म्हणून नावे ठेवतो, ती हीच पॅनेल.

आता बावीस टक्क्यांचा मुद्दा. कोळशाच्या वीजकेंद्राची कार्यक्षमता कमी असेल तर जास्त कोळसा जाळावा लागतो, त्याचे पैसे मोजावे लागतात आणि राख सांभाळावी लागते. उन्हाचे तसे नाही. जे ऊन विजेत आले नाही ते विकत आणलेले नव्हते. कार्यक्षमता कमी असल्याचा खरा खर्च एकच, तो म्हणजे जागा आणि जागेबरोबर येणारे सांगाडे, तारा, मजुरी. त्यामुळे जागेचा हिशेब करून पाहू. एक मेगावॅटच्या सौरप्रकल्पाला चार ते पाच एकर जमीन लागते आणि तो वर्षाला साधारण सोळा लाख युनिट देतो. भारतात वर्षाला सुमारे १,८०० अब्ज युनिट वीज तयार होते. ती सगळी उन्हापासून घ्यायची ठरवली, तर आजच्या पॅनेलना अंदाजे वीस हजार चौरस किलोमीटर जागा लागेल. अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडी अधिक, देशाच्या क्षेत्रफळाच्या पाऊण टक्क्याहूनही कमी. पॅनेल बावीसऐवजी तीस टक्क्यांची मिळाली तर हाच आकडा पंधरा हजारांच्या जवळ येईल, म्हणजे साधारण सोलापूर जिल्ह्याएवढा. सगळी वीज उन्हापासूनच घ्या असे कोणी म्हणत नाही. प्रश्न किती मोठा आहे ते कळावे म्हणून हे माप. अहिल्यानगराऐवजी सोलापूर ही बचत खरी आहे, मोलाची आहे, पण देशाने वर्षानुवर्षे थांबावे एवढी ती नक्कीच नाही.

जमिनीचा आक्षेप घेणाऱ्यांना मी मोडीत काढतो आहे असे मात्र कोणी समजू नये. जैसलमेर आणि बिकानेरमध्ये गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेली ओरणे आणि खेजडीची झाडे सौरप्रकल्पांखाली जात असल्याबद्दल लोक रस्त्यावर आले, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. माळढोक पक्षी आणि विजेच्या तारा यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण या भांडणांच्या मुळाशी पॅनेलची टक्केवारी नाही. सरकारी दप्तरात ‘पडीक’ अशी नोंद असलेल्या जमिनीवर कोणाची गुरे चरतात, हे कोणी विचारत नाही, हे मूळ आहे. तीस टक्के कार्यक्षमतेचे पॅनेल मेंढपाळाला विचारल्याशिवाय लावले तर तेही तितकेच अन्यायाचे.

पेरोव्हस्काइटचे मोल मी कमी लेखत नाही. हे मूळ एका खनिजाचे नाव. १८३९ मध्ये उरल पर्वतात सापडलेल्या या खनिजाच्या स्फटिकांची जशी मांडणी असते तशी मांडणी असणाऱ्या पदार्थांच्या सगळ्या कुळाला आता ते लावतात. जपानमध्ये त्सुतोमु मियासाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये शिसे आणि हॅलोजन असलेल्या पेरोव्हस्काइटचा सौरघट केला, तेव्हा त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. पंधरा वर्षांत ती सव्वीस टक्क्यांच्या पुढे गेली. सिलिकॉनला एवढी मजल मारायला निम्मे शतक लागले. सिलिकॉन वितळवायला १,४१४ अंश तापमान लागते. पेरोव्हस्काइटचा अर्ध्या मायक्रॉनचा थर द्रावणातून पसरून शंभर-दीडशे अंशांवर तयार होतो. शिवाय त्यातले आयोडीन आणि ब्रोमीन यांचे प्रमाण बदलले की प्रकाशाचा कोणता भाग शोषायचा हेही बदलता येते, आणि हाच त्याचा सर्वांत मोठा गुण. विल्यम शॉकली आणि हान्स क्वाइसर यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले होते की एकाच पदार्थाच्या घटाला तेहतीस टक्क्यांच्या आसपास भिंत लागते. कमी ऊर्जेचे किरण त्यातून आरपार जातात, आणि जास्त ऊर्जेच्या किरणांतली वरची ऊर्जा उष्णता होऊन जाते. निळ्या-हिरव्या प्रकाशासाठी वर पेरोव्हस्काइट आणि तांबड्या व अवरक्त प्रकाशासाठी खाली सिलिकॉन असा जोडघट केला की ही भिंत ओलांडता येते. लाँगी या चिनी कंपनीने २०२४ मध्ये अशा जोडघटाने ३४.६ टक्के गाठले. ऑक्सफर्ड पीव्हीने त्याच वर्षी जर्मनीतल्या कारखान्यातून २४.५ टक्क्यांची जोडघटाची पॅनेल ग्राहकाकडे रवाना केली.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले की घाई न करण्याच्या सल्ल्यातला दोष दिसतो. विक्रम करणारे घट बहुधा एक चौरस सेंटिमीटरचे असतात. छतावर किंवा शेतात लावायच्या मोठ्या पॅनेलचे क्षेत्रफळ पंचवीस हजार चौरस सेंटिमीटरहून अधिक असते. एवढ्या क्षेत्रावर अर्ध्या मायक्रॉनचा थर कुठेही छिद्र न पडता पसरणे हे निराळे काम आहे, आणि चौतीसवरून चोवीसवर येण्याचे ते एक मोठे कारण आहे. त्याहून कठीण प्रश्न टिकाऊपणाचा. सिलिकॉनच्या पॅनेलला आज पंचवीस-तीस वर्षांची हमी मिळते. पेरोव्हस्काइटचे स्फटिक ओलाव्याने विरघळतात, उष्णतेने विघटतात, आणि त्यातले आयन उन्हात जागा सोडून सरकतात. युरोपातल्या थंड हवेत एक-दोन वर्षे तग धरलेले पॅनेल कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात कसे वागेल, याचा पंचवीस वर्षांचा अनुभव जगात कोणापाशीच नाही, कारण हा घट जन्मालाच २००९ मध्ये आला. उष्णतेचा त्रास सिलिकॉनलाही होतो. पॅनेलवर लिहिलेली क्षमता पंचवीस अंशांची असते. उन्हाळ्यात काचेखालचा घट पासष्ट अंशांवर गेला की प्रत्येक अंशामागे साधारण पाव ते चार दशांश टक्का क्षमता उतरते, म्हणजे दुपारी दहा ते सोळा टक्के कमी वीज मिळते. आयआयटी मुंबईच्या राष्ट्रीय सौर संशोधन केंद्राने २०१३ पासून देशभरातल्या पॅनेलच्या अनेक पाहण्या केल्या. उष्ण प्रदेशातली आणि छतांवरची लहान पॅनेल लवकर झिजतात, आणि निकृष्ट माल व ढिसाळ बसवणी यांचा त्यात मोठा हात असतो, असे त्यांत दिसले. रुळलेल्या, सत्तर वर्षे अभ्यासलेल्या सिलिकॉनची आपल्या हवेत ही स्थिती असेल, तर नवख्या पदार्थाच्या भरवशावर आजचे निर्णय टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही. त्याच केंद्रात पेरोव्हस्काइट आणि सिलिकॉनच्या जोडघटावरही काम चालते. ते काम आपल्या उन्हापावसात तपासूनच पुढे गेले पाहिजे, आणि त्याला वेळ द्यायला हवा.

‘पण रात्रीचे काय?’ हा आक्षेप वाट पाहणारे आणि सौरऊर्जेचे पक्के विरोधक दोघेही घेतात. आक्षेप भक्कम आहे. फक्त तो नव्या पदार्थाच्या बाजूने जात नाही. चौतीस टक्क्यांचा घटही सूर्य मावळला की शून्यावर येतो, आणि दुपारी तर तो ग्रीडवर आणखी वीज लोटून अडचण वाढवतो. २०२५ मध्ये राजस्थानातल्या कित्येक प्रकल्पांना भर दुपारी वीज बंद ठेवावी लागली, कारण ती बाहेर नेणाऱ्या पारेषण वाहिन्या वेळेवर उभ्या राहिल्या नव्हत्या. एप्रिल २०२५ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले तेव्हा बोट सौरविजेकडे दाखवले गेले. तपासात समोर आले ते व्होल्टेज मर्यादेबाहेर चढणे आणि ते आवरण्याची व्यवस्था अपुरी पडणे. उपाय माहीत आहेत आणि ते वापरातही आहेत. कॅलिफोर्नियाने दहा हजार मेगावॅटहून अधिक बॅटऱ्या बसवल्या, आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथे काही काळ संध्याकाळच्या विजेचा सर्वांत मोठा स्रोत बॅटरी हाच होता. आपल्याकडे डिसेंबर २०२४ मध्ये दोन हजार मेगावॅट सौरक्षमता आणि तिला जोडून चार तासांची साठवण अशा निविदेत युनिटला ३ रुपये ५२ पैशांचा दर आला. कोळशाच्या अनेक नव्या वीजकेंद्रांना या दराशी स्पर्धा करणे अवघड आहे. वीज पाण्याच्या रूपात साठवायला सह्याद्रीचा कडाही आहेच. घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून हेच करतो.

महाराष्ट्राने तर रात्रीच्या प्रश्नाला अधिक हुशारीचे उत्तर दिले आहे: मागणीच दिवसावर आणायची. महावितरणच्या एकूण विक्रीत शेतीपंपांचा वाटा मोठा, आणि पंपाला रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याने अंधारात, सापा-बिबट्याच्या धाकात दारे धरायला जायचे, हे वर्षानुवर्षे चालत आले. २०१७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये नव्या रूपात आणलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राच्या जवळ काही मेगावॅटचे छोटे प्रकल्प उभारून त्या त्या कृषी फीडरला दिवसा वीज द्यायची, अशी मांडणी आहे. दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडतो. खासगी जमीन भाड्याने घेतली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी त्यात तीन टक्के वाढ. वीज तिथेच तयार होते, तिथेच वापरली जाते; शेकडो किलोमीटरच्या तारा लागत नाहीत, आणि पाणी विहिरीतून शेतात गेले की बॅटरीची गरजही उरत नाही. या योजनेची अंमलबजावणी सगळीकडे सारखी नाही. जमीन मिळण्यात, गावाची संमती मिळवण्यात, उपकेंद्रे सक्षम करण्यात ती अडते. ती कुठे अडते तेवढे नीट पाहा. सिलिकॉन बावीस टक्क्यांचे आहे म्हणून ती कुठेही अडलेली नाही.

घरच्या छताचा हिशेबही सांगतो, कारण वाट पाहण्याचा सल्ला तिथे सर्वाधिक पाळला जातो. तीन किलोवॅटचा संच महाराष्ट्रात दिवसाला सरासरी बारा युनिट, वर्षाला चार हजारांहून अधिक युनिट देतो. पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते. पाच वर्षे थांबणारा वीस हजारांहून अधिक युनिट कायमचे गमावतो. पॅनेल आणखी स्वस्त होईल ही आशा फारशी कामाची नाही, कारण छतावरच्या संचाच्या खर्चात सांगाडा, इन्व्हर्टर, वायरिंग आणि मजुरी यांचा वाटा आता पॅनेलहून मोठा झाला आहे. एक अपवाद मी मोकळेपणाने मान्य करतो. मुंबईतल्या वीस-वीस मजली इमारतींत रहिवासी शेकड्यांनी आणि गच्ची एवढीशी. तिथे अधिक कार्यक्षम पॅनेलचा खराच फायदा आहे आणि जोडघट आले की पहिले ग्राहक असेच असतील. लातूरच्या बंगल्याला किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या शेडला हे कारण लागू नाही.

उरतो चीनचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. पॅनेलच्या पुरवठ्यातल्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ऐंशी टक्क्यांहून अधिक, आणि वेफर म्हणजे चकत्यांमध्ये तर पंचाण्णव टक्क्यांच्या वर आहे. शिनजियांगमधल्या पॉलिसिलिकॉनच्या मागे सक्तीच्या मजुरीचा संशय असल्याने अमेरिकेने २०२२ पासून तिथल्या मालाला दारे बंद केली. यावर काहींचे म्हणणे असे की सिलिकॉनमध्ये चीन इतका पुढे गेला आहे की त्याला गाठता येणार नाही. तेव्हा सिलिकॉन सोडा आणि पेरोव्हस्काइटमध्ये थेट उडी घ्या. ऐकायला हे धाडसी वाटते, पण जोडघटाचा विक्रम करणारी लाँगी कंपनी चिनी आहे आणि ती जगातल्या सर्वांत मोठ्या वेफर उत्पादकांपैकी एक आहे, हे त्यात विसरले जाते. जोडघटाच्या खालच्या थराला सिलिकॉनच लागते. भारतात पॅनेल जोडण्याचे कारखाने गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढले, घटांचे त्यामानाने कमी, वेफरचे अगदी थोडे, आणि पॉलिसिलिकॉन आपण व्यापारी प्रमाणावर बनवतच नाही. आयात शुल्क लावून आणि मान्यताप्राप्त उत्पादकांच्या याद्या करून शेवटच्या टप्प्याला संरक्षण दिले, मुळाचा टप्पा तसाच राहिला. त्यातच चांदीचा प्रश्न आहे. जगाच्या चांदीच्या मागणीचा सुमारे सहावा हिस्सा आज सौरघटांवरच्या बारीक रेषांसाठी जातो, आणि तिथे तांबे वापरता यावे म्हणून जगभर धडपड चालू आहे. आपल्या पदार्थवैज्ञानिकांनी हात घालावा असे हे काम आहे. त्यात यश आले तर त्याचा उपयोग आजच्या सिलिकॉनच्या घटालाही होईल आणि उद्याच्या जोडघटालाही.

जुन्या पॅनेलच्या कचऱ्याविषयी थोडक्यात सांगतो. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचा समावेश झाला आहे. अंमलबजावणी कडक हवी आणि काच, ॲल्युमिनियम, चांदी परत मिळवणारे उद्योग आत्ताच उभे राहायला हवेत. पण हा आक्षेप घेताना जुलै २०२२ मध्ये कोराडी वीजकेंद्राचा खसाळा इथला राखबांध फुटून राख शेतांत आणि ओढ्यांत शिरली होती, तेही आठवावे. पॅनेल बसवायचे थांबवले की त्या जागी कोळसा जळतो. त्याची राख तिसाव्या वर्षी नाही, त्याच दिवशी निघते.

जोडघटाची पॅनेल येतील, याविषयी मला शंका नाही. ती सिलिकॉनच्या चकतीवरच बसलेली असतील, याच सांगाड्यांवर चढतील, याच इन्व्हर्टरना आणि वाहिन्यांना जोडली जातील. ज्या देशाकडे तेव्हा चकत्या बनवण्याची भट्टी, वीज वाहून नेणाऱ्या तारा आणि ती साठवणाऱ्या बॅटऱ्या असतील, तो नवा थर वर्षा-दोन वर्षांत स्वीकारेल. ज्याने वाट पाहण्यात ही वर्षे घालवली, तो आजची पॅनेल विकत घेतो तशी उद्याचीही घेईल. म्हणून पेरोव्हस्काइटच्या प्रयोगशाळांचा निधी वाढवा, आणि पॉलिसिलिकॉन, वेफर, पारेषण वाहिन्या, बॅटऱ्या व कृषी फीडर यांचे अडलेले निर्णय याच वर्षी घ्या.